केळीला बांधलेला झोका

माझी पीएचडी श्रोत्यांच्या प्रतिसादावर आहे. रेडिओवर एखादा कार्यक्रम लागला की ऐकणारा त्यातलं काय धरून ठेवतो, काय सोडून देतो, कशावर हसतो, हे शोधायला मी सहा वर्षं खान्देशातली गावं पालथी घातली. पारोळ्याच्या बाजारात गोण्यांवर बसून शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, धरणगावकडे कापूस वेचणाऱ्या बायांच्या मागे वही घेऊन फिरले. जळगावच्या एका कॉलेजात मी मीडिया शिकवते, त्याला आता वीस वर्षं होत आली. दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहिते : ऐकणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचं मत ठरवू नका. मुलं निमूटपणे ते उतरवून घेतात. ज्या बाईने स्वतःच्या बाबतीत हे वाक्य कधी पाळलं नाही, तीच खडू घेऊन समोर उभी आहे, हे त्यांना कुठून कळणार? मलाच ते मागच्या वर्षी कळलं.

झालं असं, की एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची माझी एक विद्यार्थिनी दुपारी केबिनमध्ये आली. रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. हुशार आणि तेवढीच हट्टी, म्हणजे माझ्या आवडीची. तिच्या प्रबंधाचा विषय होता हळदीच्या गाण्यांचा. बाया मांडवात जी गाणी म्हणतात ती आता मोबाइलवरून गावोगाव कशी फिरतात, असा. प्रबंध द्यायला बारा दिवस उरले होते. तिने फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, हे माझ्याकडचं सगळ्यात जुनं गाणं. शेजारच्या गावच्या एका अक्कांनी म्हटलंय. त्यांच्या सासूच्या काळापासून आहे म्हणतात. शंभर वर्षांचं तरी असेल. यावर अख्खं प्रकरण लिहिलंय मी."

फोनमधून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला :

नवरदेवानं केयीले झोका बांधला,
केय गेली मोडून, अन् हा खाली सांडला!

तिकडे बोलताना ळचा य होतो, केय म्हणजे केळ. मागून दहा-पंधरा बाया खो खो हसत होत्या. माझा चहाचा कप ओठांपाशी तसाच राहिला. शब्द ऐकलेले नव्हते, पण चाल माझी होती. देवपूरच्या आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांची राखण करता करता मी ती चाल लावली होती. दुसऱ्या ओळीत शेवटी जो सूर अचानक वर जातो ना, तो वर न्यायचा की नाही यावर मी तीन दिवस भांडले होते.

"हे गाणं माझं आहे," मी म्हणाले.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे. बहुतेक मला चक्कर वगैरे येतेय असं तिला वाटलं असावं. मग तिने वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, पुरावा?"

सांगणाऱ्याचं म्हणणं हा पुरावा नव्हे, हे मीच तिला दोन वर्षं घोकून घोकून शिकवलेलं. मनातून राग आला आणि त्याच वेळी तिचा अभिमानही वाटला. पण पेच खरा होता. माझं म्हणणं खरं ठरलं तर तिचं प्रकरण कोसळणार होतं. मी गप्प बसले तर माझ्या सहीनिशी एक खोटं पुढे जाणार होतं. आणि खरं सांगते, माझा जीव प्रबंधात अडकलाच नव्हता. या एका गाण्यामुळे मी पंचवीस वर्षं गायले नव्हते. त्या दिवशी मांडवात लोक मला हसले होते, आणि आज पुन्हा तेच हसणं माझ्या केबिनमध्ये वाजत होतं.

आता ते सांगायलाच हवं.

आम्ही तिघं होतो. देवपूर म्हणजे धुळ्यातला पांझरेपलीकडचा भाग, शाळा-कॉलेजांचा. तिथे आमचं घर आणि तिथेच कॉलेज. आमच्यातला गिटारवाला रावेरकडच्या केळीवाल्या घरातला, शिकायला देवपुरात खोली घेऊन राहिलेला. बँजोवाला धुळ्यातलाच. आपल्याकडे बँजो म्हणतात ते टाइपरायटरसारख्या कळांचं तारवाद्य, लग्नाच्या बँडमध्ये असतं ते. त्याचे अब्बा बँडवाल्यांचे गणवेश शिवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर गोंडे. बँडवाले माप द्यायला येत, तेव्हा त्यांच्या वाद्यांशी खेळता खेळता हा शिकला. आणि मी. शब्द माझे, चाल माझी, गळा माझा आणि दादागिरीही माझीच.

आज माझे विद्यार्थी याला इंडी म्युझिक म्हणतात आणि डोळे बारीक करून त्यावर निबंध लिहितात. आम्ही त्याला आपली गाणी म्हणायचो. घरचे रिकामे धंदे म्हणायचे. आमच्या गटाचं नाव काय ठेवायचं यावरून एवढी भांडणं झाली, की शेवटी नाव राहूनच गेलं.

तालीम अब्बांच्या शिवणखोलीत चालायची. चारी भिंतींना कोट टांगलेले असत, त्यामुळे आवाज घुमत नसे, अगदी जवळचा आणि मऊ ऐकू येई. अब्बा आम्हाला कधी हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. मशीन चालवत बसायचे. पण एखादं कडवं जमून आलं की त्यांचा मशीनवरचा पाय हळू व्हायचा, आणि फारच जमलं तर थांबायचा. मशीन थांबलं की आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसायचो. तेवढ्यावर आमचा आठवडा जायचा.

ते गाणं मी अहिराणीत लिहिलं. आई घरात अहिराणीतच बोलायची आणि अहिराणीतच ओरडायची, त्यामुळे प्रेमाचंही त्याच भाषेत लिहावं असं मला वाटलं. एक मुलगी बागेत झोका बांधते :

केळना बागमा झोका बांधा,
वारा उना, झोका गया आभाळमा.

वारा आला आणि झोका आभाळात गेला. या ओळींवर मी इतकी खूश होते की रस्त्याने चालताना पुटपुटायचे. पुढचं कडवं तर मला त्याहून आवडायचं. त्यात ती मुलगी म्हणते, माझे पाय जमिनीला लागत नाहीत, आई, मला आता खाली उतरायचं नाही. हे गाणं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा अब्बांचं मशीन थांबलं. शपथेवर सांगते, दोन्ही कडवी संपेपर्यंत थांबलं होतं.

मग गिटारवाल्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न निघालं. त्याने हट्ट धरला की हळदीच्या दुपारी आपण गायचं. तोवर आम्ही कॉलेज सोडून कुठे गायलो नव्हतो. आम्ही दोघं एसटीने गेलो. बँजोवाल्याने मांडीवर बँजो असा धरला होता की कंडक्टरने त्याला बसायला जागा करून दिली. मांडवात पुढे सगळ्या बाया बसलेल्या, मागे पुरुष. मी अब्बांनी शिवून दिलेलं लाल जाकीट घातलं होतं, बँडच्या उरलेल्या कापडाचं. माइक हातात घेतला. पहिली ओळ म्हटली आणि पुढची रांग हसली. मला वाटलं जाकिटावर हसल्या. दुसरी ओळ म्हटली, सूर तो वर नेला, आणि अख्खा मांडव हसायला लागला. पदर तोंडात कोंबून बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मधूनच कोणीतरी ओरडलं, "म्हण, म्हण, पुन्हा म्हण!"

हे पुन्हा म्हण मला कानफटात मारल्यासारखं लागलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माइक जमिनीवर ठेवला, चपला शोधल्या, त्यातली एक दुसऱ्याच कोणाची निघाली, तशीच घालून फाट्यावर आले आणि मिळेल ती एसटी पकडली. पंगतीला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. तिचा वास फाट्यापर्यंत येत होता. भुसावळ, जळगाव, धुळे, सगळा रस्ता मी खिडकीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी बँजोवाला घरी आला. मी दारही उघडलं नाही, खिडकीतूनच सांगितलं, "गाण्याचा ग जरी काढलास तर आपली ओळख संपली." तो दोनदा काहीतरी सांगायला गेला. दोन्ही वेळा मी खिडकी आपटली. तो फाटकाशी फडक्यात बांधलेल्या बट्ट्या ठेवून निघून गेला. गिटारवाला महिनाभराने परत आला, त्यालाही तीच अट. दोघांनी ती पाळली. दोस्ती टिकली, लग्नकार्यात जाणं-येणं राहिलं, फक्त गाणं तेवढं वगळून. माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

मी मग जळगावला आले, एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली, तासिका तत्त्वावर शिकवलं, पुढे कायम झाले. या सगळ्यात मजा खूप आली, उगाच रडगाणं गाणार नाही. शिकवणं मला मनापासून आवडतं. पण आपला गळा लोकांना हसू आणणारा आहे हे मी पक्कं धरून चालले होते. माझी मुलगी झाली तेव्हा तिला झोपवायला मी रेडिओ लावायचे. नवरा म्हणायचा, दोन ओळी म्हण की. मी म्हणायचे, तुला झोप हवीय की नकोय?

तर पुरावा. विद्यार्थिनी केबिनमधून गेली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी धुळ्याला गेले. अब्बा आता नाहीत, दुकान बँजोवाला चालवतो. तसेच लाल कोट, तसेच गोंडे. केस पांढरे झालेत, बोलणं तेच. मी आल्या आल्या फोन त्याच्यापुढे धरला आणि रेकॉर्डिंग लावलं.

"हे तुला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? मीच तर चाल बँडवाल्यांना शिकवली. चांगली चाल होती, वाया कशाला घालवायची? रावेरकडे हळदीला हे वाजल्याशिवाय बाया उठत नाहीत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

त्याने कात्री खाली ठेवली. "सांगू देशील तर ना. पंचवीस वर्षं झाली, गाण्याचा ग काढलेला नाही मी. आज तूच काढलास म्हणून बोलतो."

"लोक अजून हसतायत माझ्यावर," मी म्हणाले. आवाज जरा फाटलाच.

"तुझ्यावर?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, केळीवर हसले ते. केळीला झोका बांधतं का कोणी?"

तो पुढे बोलत राहिला. "ते पोकळ खोड. वारा जोरात आला तरी आडवं होतं. सगळा गाव केळीवाला, आणि तू मांडवात उभी राहून सांगतेस की केळीला झोका बांधला अन् तो आभाळात गेला. हसतील नाही तर काय करतील? तू गेलीस, आणि त्या बायांनी मला दोन तास सोडलं नाही. चाल वाजव म्हणाल्या. नवऱ्याकडच्यांना चिडवायला पहिली ओळ फिरवून घेतली, आणि बसल्या म्हणत. पुढचं कडवं काय, पुढचं कडवं काय, म्हणून माझा जीव खाल्ला. मला कुठे पाठ होतं? तुझा आवाज कुठे गेला, तो वर जाणारा, असं विचारत होत्या."

मला काय वाटलं ते सांगते. आधी भयंकर लाज वाटली. धुळ्याच्या पोरीची केळीशी ओळख ती किती? हातगाडीवरचे घड, आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले खुंट. बाग म्हटलं की झाड आणि झाड म्हटलं की झोका, एवढाच माझा हिशेब. मग स्वतःचा इतका संताप आला की टेबलावरचा गोंडा मी उसवून टाकला. श्रोत्यांच्या प्रतिसादावर साडेतीनशे पानं लिहिणारी मी! दोन हजार लोकांना विचारलं असेल की तुम्ही का हसलात, फक्त त्या मांडवातल्या बायांना तेवढं विचारायचं राहिलं. आणि मग हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना. तोही हसायला लागला. शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

"पण तो केळीवाल्याचा पोरगा," मी डोळे पुसत म्हणाले, "त्याने का नाही सांगितलं? महिनाभर तालीम केली आपण."

आम्ही तिथूनच गिटारवाल्याला फोन लावला. तो आता गावी केळी पिकवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला वाटलं, कवितेत चालतं."

यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, "पुढच्या शनिवारी पोरीची हळद आहे, पत्रिका पाठवलीय तुला. ये, आणि उरलेलं म्हण. तुझ्या त्या विद्यार्थिनीलाही आण. ती जिच्याकडून गाणं घेऊन गेली ना, ती माझी काकू. तेव्हाही पुढच्याच रांगेत होती."

आठवडाभर तयारी चालली. घरी कोणी नसताना स्वयंपाकघरात गळा लावून पाहिला. कुकरच्या शिट्टीला बरा वाटला, कुकर बंद झाल्यावर तितकासा नाही. वय झालं की सूर वर जायला कुरकुर करतो. जुनी वही सापडली, तिच्यात दुसरं कडवं होतं. विद्यार्थिनीने वही उलटून पालटून पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, ही तर तुम्ही कालसुद्धा लिहिलेली असू शकते." पोरगी पुढे जाणार, यात शंका नाही.

शनिवारी मी, विद्यार्थिनी आणि बँजोवाला गाडी करून निघालो. गावाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि या वेळी मी उतरून मुद्दाम एका खोडाला हात लावून पाहिला. ओलसर, गार, बोटाने दाबलं तर दबणारं. बँजोवाला बाजूला उभा राहून म्हणाला, "बांधायचा का?" मी त्याला धपाटा घातला.

मांडवात अक्का खुर्चीवर बसल्या होत्या, हळदीने हात पिवळे. विद्यार्थिनीने फोन सुरू करून आधी तेच विचारलं, "अक्का, हे गाणं सासूच्या काळापासूनचं आहे असं सांगितलं होतं तुम्ही."

"व्हय ना," अक्का म्हणाल्या. "सासू जित्ती होती ना माही तव्हा. इथंच मांडवात बसेल होती. एक पोरगी आली होती धुळ्याची, लाल कोटवाली. भारी गये तिचा, पन केय माहीत नही. हसता हसता सासूचा दात पडला. अन् आम्ही म्हन म्हन म्हनतो त पोरगी निंघून गेली. न जेवता गेली, त्याचं वाईट वाटलं माय."

माझी विद्यार्थिनी हळूच माझ्याकडे वळली. पुरावा मिळाला होता. तिचं प्रकरणही पडलं नाही. उलट शंभर वर्षांच्या गाण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, असं तिला दुसऱ्याच मिनिटाला सुचलं, आणि तिने भराभरा लिहायला घेतलं. मला मात्र त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. भारी गळा तिचा. हे मला पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायचं होतं, आणि सांगायला आलेल्या माणसाच्या तोंडावर मी खिडकी आपटली होती.

"अक्का," मी म्हणाले, "ती पोरगी मीच."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. हात धरून शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "मंग पुढचं म्हन. किती वरीस झाले, आम्ही एकाच कडव्यावर लगन लावू रायलो."

गिटारवाला गिटार घेऊन आला, तिच्या दोन तारा नव्हत्या. बँजो लागला. मी माइक घेतला. पहिलं कडवं मुद्दाम जसंच्या तसं म्हटलं, माझं चुकीचं, केळीला बांधलेला झोका आभाळात नेणारं. सूर वर नेताना थोडा घासला, पण गेला. आणि मांडव हसला. तेच हसणं, तेवढंच मोठं, पदर तोंडात कोंबलेलं. माझ्या पायांना सवयीने उठावंसं वाटलं. बँजोवाल्याने माझ्या चपलांवर पाय ठेवला होता, ते मला नंतर कळलं.

मी बसून राहिले आणि दुसरं कडवं म्हटलं :

पाय मना भुईले लागत नही,
माय, माले आते खाले उतरनं नही.

बाया गप्प झाल्या. एक-दोघींनी ओळ पुटपुटून पाहिली, मग हळूहळू मागच्या रांगेतूनही आली. हळदीला बसलेली गिटारवाल्याची पोरगी रडायला लागली. तिच्याकडे बघून तिची आई रडायला लागली, आणि मग मीही. गाणं मात्र मी सोडलं नाही. तिसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा अख्खा मांडव माझ्याबरोबर गात होता.

संपल्यावर अक्कांनी पदराने डोळे पुसले, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "चांगलं हाये. पन केयीवर चढेल पोरगी उतरत नही म्हनते, म्हनजे पडीनच ती."

पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी सगळ्यात मोठ्याने मी हसले. मग पंगतीला बसले. वरण-बट्टी आणि घोटलेली भाजी. अक्कांनी स्वतः वाढलं आणि जेवण संपेपर्यंत माझ्यासमोरून हलल्या नाहीत.